प्राणवायूचा अदृश्य पडदा

जबलपूरच्या राइट टाऊनमधील एखाद्या दातांच्या दवाखान्यात संध्याकाळी डोकावले, तर एक दृश्य हमखास दिसते. खुर्चीत आठ-दहा वर्षांचा मुलगा, शेजारी काळजीने उभी असलेली आई. डॉक्टर किडलेल्या दाढेतला खड्डा साफ करतात, त्यात मऊ लुगदी भरतात आणि वर निळ्या उजेडाची दांडी धरतात. काही सेकंदांतच लुगदी दगडासारखी घट्ट होते. घरी परतताना मुलगा विचारतो, "आई, त्या काकांनी टॉर्चने दात कसा गं भरला?"

बहुतेक आया "डॉक्टरांची जादू!" म्हणून वेळ मारून नेतात. पण हा प्रश्न पोरकट नाही. त्याच्या उत्तराचा धागा थेट रक्ताच्या तपासणीपर्यंत आणि मंडला-डिंडोरीच्या आदिवासी पाड्यांपर्यंत जाऊन पोहोचतो.

हात धरणारे रेणू

त्या लुगदीत लहान लहान रेणू सुटे असतात, शाळेच्या मैदानावर विखुरलेल्या मुलांसारखे. उजेड पडला की शिट्टी वाजल्याप्रमाणे ते एकमेकांचे हात धरू लागतात. साखळ्या तयार होतात, साखळ्यांची जाळी होते आणि पातळ पदार्थ घट्ट होतो. मात्र हवेतील प्राणवायू या खेळात विघ्न आणतो. साखळीसाठी पुढे केलेला हात तोच मध्ये पकडतो. त्यामुळे भरलेल्या दाढेचा अगदी वरचा, हवेला लागलेला थर किंचित चिकट राहतो. डॉक्टर तो पुसून वा घासून टाकतात.

दंतवैद्यांना नकोसा वाटणारा हा चिकट थर दुसऱ्या एका ठिकाणी मात्र वरदान ठरला.

सब्जाचे बी आणि जेलचे कण

सब्जाचे बी पाण्यात भिजवले की त्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत आवरण फुगते. आवरणात जवळजवळ सारे पाणीच असते, तरी ते वाहून जात नाही, कारण आतील बारीक जाळी त्याला धरून ठेवते. अशा पाणीदार जाळीला हायड्रोजेल म्हणतात. बाळांच्या डायपरमध्ये आणि डोळ्यांत घालायच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्समध्येही हायड्रोजेलच असते.

या जेलचे केसाच्या जाडीएवढे, हव्या त्या आकाराचे कण बनवायचे कसे? त्याची एक सुटसुटीत रीत 2006 साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये प्रा. पॅट्रिक डॉयल यांच्या प्रयोगशाळेत निघाली. ती जगापुढे मांडणाऱ्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते धनंजय देंडुकुरी, त्या वेळी तेथे संशोधन करणारे तरुण भारतीय अभियंता.

सिलिकोन रबराच्या तुकड्यात अतिशय बारीक नळी कोरलेली असते. तिच्यातून उजेडाने घट्ट होणारे द्रावण वाहत असते. सूक्ष्मदर्शकातून, आकार कापलेल्या पडद्याआडून, अतिनील प्रकाशाचा क्षणभर झोत टाकला की त्या आकाराचा जेलचा कण तयार होतो. रांगोळीच्या छापासारखाच प्रकार, फक्त येथे छाप उजेडाचा!

पण कण नळीच्या भिंतीला चिकटला तर? नळी तुंबेल आणि सारा खेळ खलास. येथेच प्राणवायू धावून आला. सिलिकोन रबरातून हवा सहज आरपार जाते. त्यामुळे भिंतीलगत प्राणवायूचा एक अतिशय पातळ पडदा कायम राहतो आणि त्या पडद्यात द्रावण घट्ट होत नाही. कण मधोमध तयार होतो, वर-खाली वंगणासारखा पातळ थर राहतो आणि कण अलगद पुढे वाहत जातो.

पुढच्याच वर्षी, 2007 मध्ये, याच प्रयोगशाळेने लांबट कणाच्या एका टोकाला ठिपक्यांची खूण आणि दुसऱ्या टोकाला विशिष्ट जनुकीय रेणू पकडणारे जेल बसवले. ठिपक्यांच्या रचनेतून दहा लाखांहून अधिक वेगवेगळ्या खुणा करता येतात. दुकानातील मालावरच्या रेषांच्या पट्टीसारखी ही खूण वाचली की कोणत्या कणाने काय पकडले ते कळते. म्हणजे एकाच थेंबातून अनेक तपासण्या करण्याची वाट उघडली.

रक्तातही तोच खेळ

जबलपुरात नागपूर रोडवर राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था आहे. आदिवासींच्या आरोग्यासाठी 1984 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या अभ्यासाचा एक मोठा विषय आहे सिकलसेल. हा आजार महाकोशलात आहे, तसाच विदर्भात आणि नंदुरबारकडेही आहे.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन सदोष असते. त्याच्याजवळ प्राणवायू आहे तोवर सारे ठीक चालते. प्राणवायू निघून गेला की हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार करतात. मऊ, गोल रक्तपेशी ताठर होऊन विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. मग असह्य वेदना सुरू होतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे कारण निराळे आहे, पण गोष्ट ओळखीची वाटते: प्राणवायू असेपर्यंत साखळी जुळत नाही, तो गेला की जुळते आणि वाट तुंबते.

अमेरिकेतच 2007 साली जॉन हिगिन्स व सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष दाखवले. सिलिकोन रबरातील केशवाहिन्यांएवढ्या नळ्यांतून त्यांनी सिकलसेल रुग्णांचे रक्त सोडले. प्राणवायू कमी केला की प्रवाह थबके, पुन्हा दिला की सुरू होई.

गावपातळीवरील प्राथमिक तपासणीची एक रीतही याच तत्त्वावर चालते. बोटाला टोचून घेतलेला रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात. द्रावणातील रसायन प्राणवायू हिरावून घेते. सदोष हिमोग्लोबिन असले तर ते विरघळत नाही, द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरील काळ्या रेषा दिसेनाशा होतात. मात्र ती व्यक्ती रुग्ण आहे की केवळ वाहक, हे या तपासणीतून कळत नाही. त्यासाठी नमुना अनेकदा मोठ्या प्रयोगशाळेत जावा लागतो. थेंब आणि अहवाल यांच्यामधले हे अंतर कमी करणे, हेच सूक्ष्म नळ्यांवर काम करणाऱ्यांपुढचे खरे आव्हान आहे.

प्रयोगशाळेतून हातमागावर

देंडुकुरी भारतात परतले आणि 2009 मध्ये बंगळूरला अचिरा लॅब्ज ही संस्था उभी राहिली. यंत्रे महाग आणि चिप महाग, मग स्वस्त तपासणी कशी व्हायची? या संस्थेने 2011 मध्ये एक अस्सल भारतीय वाट दाखवली. रेशमाच्या धाग्यांना आधी तपासणीची रसायने लावायची, ते वाळवायचे आणि मग हातमागावर विणायचे. काही धागे पाणी शोषणारे, काही न शोषणारे. पदरावर बुट्टी उठवणाऱ्या जॅकार्डनेच थेंबाची वाट कापडात विणून घ्यायची. अशा कापडाच्या पट्टीवर त्यांनी विशिष्ट प्रथिन नुसत्या डोळ्यांनी ओळखून दाखवले. गावोगावची सिकलसेल तपासणी आज रेशमावर वा जेलच्या कणांवर चालत नाही, पण शोध सामान्य घरापर्यंत पोहोचवायचा तर विचार कोणत्या दिशेने करावा लागतो, हे त्यातून दिसते.

लग्नाआधी एक थेंब

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट आहे.

यात घरातल्या मोठ्यांचा वाटा महत्त्वाचा आहे. वाहक व्यक्ती रुग्ण नसते. ती सर्वसाधारण आयुष्य जगते आणि म्हणूनच तिला स्वतःलाही ते ठाऊक नसते. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे हिमोग्लोबिन निर्दोष असेल, तर बाळ रुग्ण होत नाही, फार तर वाहक होते. म्हणून वाहक आहे एवढ्यावरून मुलीला नाकारणे हे अज्ञानही आहे आणि अन्यायही. तपासणी मुलाचीही व्हायला हवी, आणि दोघेही वाहक निघाले तर रागावण्यापेक्षा डॉक्टरांचा सल्ला घ्यायला हवा.

पत्रिका जुळवायला आपण आठ-आठ दिवस घालवतो. रक्ताच्या एका थेंबासाठी पाच मिनिटे पुरतात.