नाईलकाठची मजुरांची वस्ती

यंदा निवृत्त झालेले शेजारचे काका सहलीची दोन पत्रके घेऊन आमच्याकडे आले. फंडाच्या पैशातून काकूंना इजिप्त दाखवायचा त्यांचा मानस. नाईलवर लक्झर ते आस्वान चार रात्रींची बोटसफर, वाटेत एडफू नि कोम ओम्बोची मंदिरे. एक सफर स्वस्त दिसली. पण तिकिटे, व्हिसा, बक्षिसी सारे वेगळे! बेरीज केली तर तीच महाग. कारकुनी अशी कधी कामी येते.

आम्ही अडलो ते वेगळ्याच जागी. दोन्ही पत्रकांत राजांचे खोरे होते, देईर अल्-मदीना नव्हते. लक्झरच्या पश्चिम काठावरची ही वस्ती राजांच्या कबरी खोदणाऱ्या, रंगवणाऱ्या कारागिरांची. इ.स.पू. ११५७च्या सुमारास, तिसऱ्या रामसेसच्या राज्यात, मजुरीचे धान्य थकले तेव्हा ही मंडळी काम टाकून देवळामागे ठिय्या देऊन बसली. नोंद सापडलेला जगातला सर्वांत जुना संप तो हाच, असे मानतात. त्यांच्या घरांच्या भिंती अजून उभ्या आहेत. सेन्नेजेम नावाच्या कारागिराच्या कबरीत तर तो नांगर धरून आहे आणि मागे बायको बी पेरते आहे.

आम्ही म्हटले, ‘‘काका, ही वस्ती दाखवणार असे लेखी घ्या, मगच पैसे भरा.’’

काकूंनी विचारले, ‘‘मिळाली का हो त्यांना मजुरी?’’

मिळाली. पुन्हा थकली, तेव्हा पुन्हा बसले.