लेझीम कापले, साखळ्या ठेवल्या

‘छावा’ पाहून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाशी वाद घालू नये, असे आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आम्हांस बजावले होते. सल्ला शहाणपणाचा होता. आम्ही तो पाळला नाही, आणि हजरतगंजातल्या चित्रगृहाच्या पायऱ्यांवर, चार मराठी कुटुंबांच्या देखत, आमच्या मराठीपणाविषयीच शंका घेतली गेली. त्या रात्री जे बोलायचे राहून गेले ते येथे लिहीत आहोत. ती चारही कुटुंबे या अंकाची वर्गणीदार आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पडद्यावर अद्भुत दिसले की नाक मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. तसे करणे मराठी माणसाला शोभणारही नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ काढले आणि १९१९ साली ‘कालियामर्दन’. अण्णा साळुंके या एकाच नटाने ‘लंकादहना’त राम आणि सीता या दोन्ही भूमिका वठवल्या, यापुढे आजच्या संगणकाने कोणती अद्भुतता दाखवावी! पुढे १९३६ साली प्रभातच्या दामले-फत्तेलालांनी ‘संत तुकाराम’ काढला. त्यात चमत्कारांची रेलचेल आहे, आणि शेवटी तर प्रत्यक्ष गरुड खाली उतरतो. परंतु तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हा जिजाई खालीच राहते. तिला घर आहे, पोरे आहेत, चूल आहे. चमत्कार आभाळात चालला असता दिग्दर्शकांचे लक्ष जमिनीवरच्या त्या कष्टाळू, तोंडाळ बाईवरून ढळत नाही, म्हणून तो चमत्कार आपल्याला खरा वाटतो. दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला तो काही गरुडाच्या पंखांकडे पाहून झाला नसावा.

गेल्या काही वर्षांतल्या अद्भुताच्या व मारधाडीच्या चित्रपटांत आम्ही ही जिजाई शोधत असतो. हे चित्रपट न पाहताच आम्ही बोलतो, असा आरोप कोणी करू नये. बदलीच्या गावची संध्याकाळ मोठी असते. मेफेअर चित्रगृह केव्हाच बंद झाले, त्याच इमारतीतले राम अडवाणींचे पुस्तकांचे दुकानही २०१६ मध्ये ते गेल्यावर मिटले, आणि गंजात नुसते फिरून फिरून किती फिरणार? ‘गंजिंग’ हा शब्द लखनौकरांनी घडवला खरा, पण त्यासाठी खिशात लखनवी फुरसत लागते. तेव्हा आम्ही चित्रपट पाहतो, आणि जवळजवळ सगळे पाहतो. ‘पुष्पा २’ (२०२४) मध्ये हातपाय बांधलेला नायक नुसत्या दातांनी शत्रूंचे गळे फोडतो. ‘अ‍ॅनिमल’ (२०२३) मध्ये एका हॉटेलात माणसे गवतासारखी कापली जातात आणि पुढच्या प्रवेशात त्यांची नावनिशाणीही राहत नाही. पडलेल्यांना आई नाही, बायको नाही, पंचनामा नाही. सरकारी नोकरीत ज्याने एकदा तरी पंचनाम्यावर सही केली आहे, त्याला हे पाहताना हसू तरी येते किंवा मळमळते तरी.

‘अ‍ॅनिमल’चा आणखी एक प्रकार सांगण्याजोगा आहे. कुऱ्हाडींनी चाललेल्या त्या हाणामारीच्या मागे अजय-अतुल यांचे एक मराठी गाणे वाजते. आमच्या रांगेतल्या मराठी मंडळींनी टाळ्या पिटल्या. लखनौच्या अंधारात अवचित आपली भाषा कानी पडली की ऊर भरून येतो, हे आम्ही जाणतो, आमचाही आला. पण कुठल्या क्षणी कानी पडली? खाटीकखान्याचा ताशा म्हणून! अखिल भारतीय पडद्यावर मराठीला एवढीच जागा मिळावी, आणि त्यावर आपण कृतार्थ व्हावे?

सगळेच तसे आहे असे मात्र नाही. २०२४ च्या ‘कल्की’त मोटारी आणि यंत्रे यांचा नुसता गलबला असला तरी अमिताभ बच्चन यांचा अश्वत्थामा आमच्या मनातून जात नाही, कारण तो थकलेला आहे आणि कपाळावरची जखम घेऊन युगानुयुगे हिंडतो आहे. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ साली आला तेव्हा फारसा कोणी पाहिला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा आम्ही दोनदा पाहिला. कोकणातला पाऊस, पडका वाडा, जमिनीच्या पोटातला भुकेला हस्तर. त्या अद्भुताला नियम आहे. पिठाची बाहुली न्यायची, हात चालेल तितक्याच मोहरा घ्यायच्या, आणि चुकले तर सुटका नाही. लोभाचा हिशेब तिथे पैपर्यंत चुकता होतो. मराठी मातीतली ही भयकथा आपल्याला हिंदीतून पाहावी लागली याचे दुःख वेगळे. तो विषय पुन्हा केव्हातरी.

पराक्रमाचे म्हणाल, तर त्यासाठी या चित्रगृहापासून दूर जायलाही नको. हजरतगंजात आज जनरल पोस्ट ऑफिस आहे, ती इमारत पूर्वी रिंग थिएटर होती. मनोरंजनाच्या त्याच जागी काकोरीचा खटला चालला. ९ ऑगस्ट १९२५ रोजी मूठभर तरुणांनी आगगाडी थांबवून सरकारी तिजोरी लुटली. त्या गडबडीत चुकून सुटलेल्या एका गोळीने एक प्रवासी मेला. कोणाला मारायचे मनात नव्हते. तरी तो मेला, आणि काकोरीची हकीगत सांगताना आजही तो प्रवासी वगळता येत नाही. चौघे फासावर गेले. शिक्षा झालेल्यांत बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीचे रामकृष्ण खत्री होते. दहा वर्षांची सजा भोगून ते पुढे लखनौतच राहिले आणि १९९६ साली येथेच वारले. आपल्यापैकी कितीजणांना हे नाव माहीत होते? आम्हांलाही इथे बदली होईपर्यंत नव्हते.

आता ‘छावा’. लक्ष्मण उतेकर यांनी शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या कादंबरीवरून हा हिंदी चित्रपट केला आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी तो देशभर लागला. त्याआधी जानेवारीत जे घडले ते वाचकांना आठवत असेल. जाहिरातीच्या तुकड्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि महाराष्ट्रात गहजब उडाला. छत्रपती नाचतात म्हणजे काय! दिग्दर्शकांनी तो भाग काढून टाकल्याचे जाहीर केले, आणि सगळ्यांचे समाधान झाले.

आमचे भांडण या समाधानाशी आहे. लेझीम कापले, सिंहाचा जबडा हातांनी फाडणे ठेवले. लेझीम कापले, शेवटचा तो दीर्घ छळ, नखे, जखमांवरचे मीठ, डोळे, जीभ, सगळे ठेवले, आणि त्यावर एकही मोर्चा निघाला नाही. लेझीम हा आमच्या गावोगावच्या तरुणांचा खेळ. शरीराला डौल आणि पायाला ताल देणारा. तो खेळताना आमचा राजा आम्हांला खपत नाही, मात्र अंगाची लक्तरे होत असताना तो आम्हांला डोळे भरून पाहायचा असतो. ज्या राजाच्या वयाची तिशी नुकतीच उलटली होती, त्याने आयुष्यात एकदाही आनंदाने पाय थिरकवला नसेल, अशी आमची श्रद्धा आहे काय?

यात नवे काही नाही म्हणा. बखरकारांनी आणि नाटककारांनी संभाजीराजांना व्यसनी, उच्छृंखल रंगवले. वा. सी. बेंद्र्यांनी १९६० साली कागदपत्रांच्या आधारे त्यांचे चरित्र लिहून तो कलंक पुसू लागेपर्यंत आम्ही तेच चित्र उराशी धरून होतो. आता दुसरे टोक गाठले आहे. कालचा मद्यपी आज सिंह फाडणारा झाला. मधला माणूस काल हवा नव्हता तसा आजही नको आहे.

आणि तो माणूस कोण होता? ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ रचणारा. ‘नायिकाभेद’, ‘नखशिख’ आणि ‘सातसतक’ हे ज्याच्या नावावर आहेत तो ब्रजभाषेचा कवी. ब्रज म्हणजे याच प्रांतातली बोली, साहेब! आग्र्याहून सुटका झाल्यावर नऊ वर्षांचा हा मुलगा काही काळ मथुरेत लपून राहिला होता. आणि ज्या कवी कलशाने त्यांच्याबरोबर १६८९ साली मरण पत्करले तो उत्तरेकडचा कनोजी ब्राह्मण. त्यालाही आमच्याच बखरींनी ‘कलुषा’ म्हणून बदनाम केले होते. चित्रपटाने कलशाला सन्मानाने उभे केले आणि साखळ्यांतही दोघांच्या तोंडी कविता ठेवली, एवढे श्रेय दिलेच पाहिजे, आणि ते आम्ही मनापासून देतो. पण तिथपर्यंत पोहोचताना प्रेक्षकाचे कान तोफांनी इतके बधिर झालेले असतात की शब्द कोणाला ऐकू जाणार?

कोणी म्हणेल, निदान राजांचे नाव तरी घरोघरी पोहोचले. पोहोचले, नाकारत नाही. काय म्हणून पोहोचले ते पाहा. मार्चमध्ये बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोक रात्री दिवे घेऊन शेते खणू लागले. चित्रपटात मोगलांच्या खजिन्याची गोष्ट होती ना! ‘तुंबाड’ पाहूनही असे कोणी खणायला गेल्याचे आम्ही ऐकले नाही. त्याच महिन्याच्या १७ तारखेला नागपुरात दंगल उसळली, आणि चित्रपटामुळे औरंगजेबाविरुद्ध लोकांचा राग जागा झाला असल्याचे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. शांतता राखण्याचे आवाहनही केले. चित्रपटाने दंगल घडवली असे आम्ही म्हणणार नाही. दंगलींना कारणे पुष्कळ असतात, आणि जिल्ह्याचा कारभार पाहिलेल्यांना ती आमच्याहून अधिक ठाऊक आहेत. पण साडेतीनशे वर्षांपूर्वीचा राग आजच्या गल्लीत जागा करणे ज्याला इतके सहज जमले, त्याला त्याच माणसाची एक ओळ कोणाच्या मनात जागी करता आली नाही, हे आम्हांला टोचते.

त्या रात्री पायऱ्यांवर एका सहकाऱ्याचा सातवीतला मुलगा होता. लखनौतच वाढलेला, हिंदी फर्डे, मराठी घरापुरते. महाराजांना काय काय यातना दिल्या ते त्याने बोटांवर, क्रमाने, एकही न चुकवता सांगितले. आम्ही विचारले, “बाळ, महाराजांनी काय लिहिले ते ठाऊक आहे का?” तो वडिलांकडे पाहू लागला. वडील आमच्याकडे पाहू लागले, आणि मग म्हणाले, “अहो, पोराने निदान अभिमानाने सिनेमा पाहिला, त्यात तुम्ही परीक्षा कसली घेता?” वाद पेटला तो इथे. आम्हांलाही त्या क्षणी ‘सातसतक’ हे नाव आठवले नव्हते, ते घरी येऊन पुस्तकात पाहावे लागले, हे कबूल करतो.

मराठी माणूस या शहरात पूर्वीही आला आहे. पं. भातखंडे १९२६ साली येथे संगीत महाविद्यालय उभे करण्यासाठी आले, त्याआधी त्यांनी वर्षानुवर्षे उत्तरेच्या उस्तादांच्या दारी बसून बंदिशी गोळा केल्या होत्या. कैसरबागेत ती संस्था आज विद्यापीठ होऊन उभी आहे. तिथवर पायी जाता येते. त्या रात्री चारही मोटारी तिच्यावरूनच घरी गेल्या असतील.

येत्या गणेशोत्सवात येथील मंडळी मोठा पडदा लावून हाच चित्रपट मुलांना दाखवणार, असे कानावर आले आहे. आम्ही विरोध करणार नाही; खुर्च्या मांडायलाही येऊ. आमची मागणी एवढीच, की आधी अर्धा तास आम्हांला द्यावा. सावंतांच्या कादंबरीतली पाच-सहा पाने मुलांकडूनच वाचवून घेऊ, अडखळली तरी चालतील. ब्रजभाषा जाणणारे एक निवृत्त शिक्षक आमच्या शेजारी राहतात. ‘नखशिखा’तले काही छंद त्यांच्या तोंडून ऐकू, त्यांनाही आनंद होईल. आणि वेळ उरलाच तर लेझिमाच्या चार जोड्या आमच्याकडे आहेत. त्या आम्ही घेऊन येणार आहोत.