हवा कुणाच्या बापाची?

हवा विकायला निघालीय, मित्रहो. डब्यात भरून नव्हे, डब्यातून गाळून. पांढरंधोप प्लॅस्टिक, वर गोल दिवा. हवा खराब असली की लाल, बरी झाली की निळा. जाहिरातीत गोरंपान बाळ गाढ झोपलेलं, आई बघून हसतेय, खिडकी बंद. ती बंद खिडकी ध्यानात ठेवा. सगळा मामला तिच्यात आहे.

घोलवडला माझा एक दोस्त आहे. वारली. चिकूच्या वाडीतला एक बंगला राखतो. बंगला मुंबईच्या शेठचा, शेठ महिन्यातून एकदा हवा खायला येतो. समुद्र, सुरूची झाडं, वाड्यांची सावली. इथल्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते डहाणू-घोलवडच्या नावानं. अशा गावाला हवा खायला येणारा माणूस येताना हवा गाळायचं यंत्र घेऊन येतो ह्याचं मला हसू आलं. दोस्त हसला नाही. त्याला ते यंत्र पुसावं लागतं. जाळीवरची धूळ झटकताना तो तोंडाला फडकं बांधतो.

शेठनं नवं यंत्र आणलं, जुनं दोस्ताला दिलं. बक्षीस. त्यानं मला बोलावलं. मी दहावी पास, त्यामुळे पाड्यावर मी इंजिनिअर. गेलो सुट्टीच्या दिवशी. आधी बंगल्यातल्या खोलीत लावलं, दारं-खिडक्या लोटून. आकडा ६८. अर्ध्या तासात ९. दिवा निळा. म्हणजे यंत्र खोटं नाही. आपल्या लोकांना सगळंच ढोंग म्हणायची घाई असते, पण हे चालतं. आत कागदाची घड्याघड्यांची चाळण असते, पंखा हवा ओढून तिच्यातून ढकलतो. असली चाळण पहिल्यांदा लागली ती १९४०च्या दशकात, अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या कामात किरणोत्सारी धूळ अडवायला. खरी चाळण असेल तर ०.३ मायक्रॉनचे शंभरातले ९९.९७ कण अडवते. केसाची जाडी त्याच्या दोनशेपट तरी. एवढं कबूल.

मग तेच यंत्र दोस्ताच्या घरात नेलं. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेल्या. वर कौलं, कौलांतून उजेड. दाराला फळी आहे, पण दिवसा ती कोण लावतं? यंत्र घरघरत बसलं. चाळीसच्या खाली आकडा येईना. यायचा कसा? यंत्र घर साफ करत नव्हतं, अख्खा घोलवड साफ करायला बसलं होतं. संध्याकाळी त्याच्या आयेनं चूल पेटवली, तव्यावर सुके बोंबील टाकले, आणि दिवा लालभडक. आकडा ४१२. म्हातारी दचकली. म्हणाली, "पोरा, ह्याला काय झालं? कशाला रागावलंय?" चाळीस वर्षं ती त्या आकड्यापुढं बसून भाकरी थापतेय, आकडा तिला पहिल्यांदा दिसला. आपल्या देशानं चोवीस तासांसाठी ६० ची मर्यादा घातलीय. जागतिक आरोग्य संघटना १५ म्हणते. घरातल्या चुलीच्या धुरानं २०२० सालात जगभर ३२ लाख माणसं मेली, हा हिशोबही तिचाच.

उज्ज्वलाचं सिलिंडर आहे की घरात. कोपऱ्यात, रिकामं. भरायला लागतात तेवढे पैसे एकदम हातात येत नाहीत, लाकडं वाडीतून फुकट येतात. त्या यंत्राची नवी चाळण विचारली तर अडीच हजार. वर्षाला एक. कागदाची, धुवून परत लावता येत नाही. दोस्तानं बोटांवर हिशोब केला: एका चाळणीत निदान दोन सिलिंडर. आयेच्या फुप्फुसाला कुठलं स्वस्त, हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

आणि यंत्राला काय जमत नाही तेही ऐका, कारण दुकानातला पोऱ्या सांगणार नाही. कण अडतात, वायू अडत नाहीत. त्यासाठी कोळशाचा थर लागतो, तो स्वस्त यंत्रात नावापुरता असतो नि लवकर भरतो. कार्बन मोनॉक्साईड तर बिनदिक्कत आरपार जातो. खोली गच्च बंद करून शेगडी पेटवाल आणि यंत्रावर भिस्त ठेवाल तर सकाळी उठणार नाही. काही यंत्रं 'ताजी हवा' म्हणून विजेनं ओझोन सोडतात. आभाळात वर असतो तो ओझोन चांगला, छातीत गेलेला वाईट. कॅलिफोर्नियानं २०१० पासून अशा यंत्रांना मर्यादा घातली. इथं तोच वास शुद्धतेचा म्हणून विकतात.

दिल्लीचे साहेब मात्र हुशार. २०१४ ते २०१७ मध्ये पंतप्रधानांचं कार्यालय आणि इतर सरकारी खात्यांसाठी मिळून १४० यंत्रं घेतली गेली. सुमारे ३६ लाख रुपये. ज्यांनी चिमण्यांवर नजर ठेवायची त्यांनी आपापली खिडकी लावून घेतली.

चिमणीवरून आठवलं. घोलवडच्या दक्षिणेला डहाणूचं वीजकेंद्र आहे, ५०० मेगावॅट, कोळशावरचं, १९९५ पासून चालू. चिमणी पावणेतीनशे मीटर. डहाणू तालुका त्याच्या आधीच, १९९१ साली, पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जाहीर झालेला. लोक कोर्टात गेले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमानं प्राधिकरण बसलं, अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. त्यांनी कंपनीच्या मागं लकडा लावला: धुरातलं गंधक काढायचं यंत्र बसवा. कंपनी वर्षानुवर्षं टाळाटाळ करत राहिली. २००५ साली प्राधिकरणानं ३०० कोटींची बँक हमी मागितली. २००७ साली यंत्र बसलं. समुद्राच्या पाण्यानं धूर धुतला जातो, आत.

हे खरं हवा साफ करायचं यंत्र. त्याला खिडकी लावावी लागत नाही. त्याची हवा शेठलाही मिळते, आयेलाही. चाळणीचे अडीच हजार कुणी भरायचे असा सवाल निघत नाही.

आणि नेमकं हेच यंत्र नको झालंय. देशभरच्या कोळशाच्या केंद्रांना ते बसवायचा हुकूम डिसेंबर २०१५ मध्ये निघाला, मुदत दोन वर्षांची. मुदती वाढत गेल्या. ११ जुलै २०२५ ला केंद्राच्या पर्यावरण खात्यानं बहुतेक केंद्रांना सूटच देऊन टाकली. कारण काय, तर आपल्या कोळशात गंधक कमी आणि खर्च फार. खर्च फार! मोठ्या यंत्राचा खर्च कंपनीला झेपत नाही, म्हणून छोट्या यंत्राचा खर्च आईबापांनी झेपवावा. ज्यांना जमणार नाही त्यांनी खोकावं.

मी गोदीत कंत्राटी आहे. खताचं जहाज लागलं की खाली उतरतो. नाकावर रुमाल, मुकादमाच्या नाकावरही रुमालच, पण तो वर उभा. रात्री थुंकलो की कुठला माल उतरवला ते थुंकीच्या रंगावरून कळतं. मला कुठली खिडकी लावायला सांगता?

माहुलचं उदाहरण समोर आहे. पाइपलाइनवरची घरं पाडून माणसं रिफायनऱ्यांच्या पायथ्याशी नेऊन टाकली. पोरं खोकत राहिली, म्हातारे गेले. २०१९ साली उच्च न्यायालयानं सांगितलं, तिथं जायची सक्ती करू नका, नाहीतर महिना १५ हजार भाडं द्या. कोर्टानंसुद्धा यंत्र लावून गप राहा म्हटलं नाही.

आता घोलवडच्या खालच्या किनाऱ्यावर वाढवण बंदर येतंय. १९९८ साली ह्याच प्राधिकरणानं तिथं बंदराला नाही म्हटलं होतं. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणानं अटी घालून हो म्हटलं. ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली. मी गोदीकामगार आहे, बंदराला जन्मजात विरोध करणारा नाही. पाड्यावरची पोरं मला विचारतात, तिथं काम मिळेल का. मिळेल, कंत्राटी. ट्रकांच्या रांगा, डिझेल, धूळ, तेही मिळेल. अटी कागदावर आहेत. त्या कोण मोजणार, आकडा कुठं लावणार, ते आज विचारलं पाहिजे, ट्रक सुरू झाल्यावर नव्हे. आपली मागणी साधी: बंदराच्या वेशीवर आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दारात हवेचा आकडा मराठीत, मोठ्या अक्षरात, रोज. शेठच्या बेडरूममध्ये दिसतो तसा.

पुढच्या अंकासाठी कविता पाठवालच. पण ह्या वेळी कवितेबरोबर एक ओळ आणखी लिहा: तुमच्या वस्तीच्या डोक्यावर कुठली चिमणी, कुठलं डंपिंग, कुठली भट्टी आहे, आणि ती कुणाच्या मालकीची. नावं छापू.