श्लोक मुखोद्गत, मन मात्र मुके

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या मंडळांतून आणि मंदिरांच्या सभामंडपांतून बालकांच्या पाठांतर-स्पर्धांची पत्रके निघू लागतात. वयोगट पाडले जातात, परीक्षक नेमले जातात, चषकांची वर्गणी जमते. स्पर्धेसाठी बहुधा समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक निवडलेले असतात. निवड उत्तम आहे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो पुढे जे घडते त्याविषयी.

दोनशे पाच श्लोकांचे हे प्रकरण समर्थांनी कोणास उद्देशून रचले? मनास. मनाला मित्राप्रमाणे जवळ बसवून, समजावून, प्रसंगी दटावून त्याच्याशी बोलावे कसे, याचा तो वस्तुपाठ आहे. आणि आम्ही करतो काय? सहा वर्षांच्या बालकास ध्वनिक्षेपकापुढे उभे करतो, आणि त्याच्या स्वतःच्या मनात त्या क्षणी काय चालले आहे याची चौकशीदेखील न करता त्याच्याकडून मनास केलेला उपदेश वदवून घेतो. सातव्या श्लोकाशी मूल अडते, त्याचे ओठ थरथरतात, डोळे भरून येतात. तेव्हा व्यासपीठावरून आवाज येतो, “रडायचे नाही. शहाणा ना तू?” मनाचा खरा धडा त्या क्षणी समोर उभा होता. तो कोणीच घेतला नाही, कारण सर्वांचे लक्ष गुणपत्रिकेकडे होते.

बालकांच्या पाठांतरास आमचा विरोध मुळीच नाही, हे प्रथमच स्पष्ट करणे इष्ट. ज्या भाषेत मूल श्वास घेते तिचे चांगले शब्द त्याच्या जिभेवर रुळलेच पाहिजेत. परंतु दहा वर्षांखालील मुलांची चढाओढ लावून, पहिला-दुसरा-तिसरा असे क्रम ठरवून, उरलेल्यांना हिरमुसले करून घरी पाठविणे यास ‘संस्कार’ म्हणण्यास आमचा विरोध आहे. या स्पर्धांना दिलेला सभामंडप आणि वेळ मुलांच्या खेळास द्यावा, अशी आमची मागणी आहे.

ही मागणी सुरतेत अधिक निकडीची आहे, आणि तिला कारण आहे. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या चव्वेचाळीस लाखांवर गेली होती. तेव्हापासून ती वाढतच आहे. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. येथील यंत्रमाग बारा-बारा तासांच्या पाळ्यांवर चालतात. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो, आणि एका खोलीच्या घरात मुलाला दिवसभर एकच आज्ञा असते: आवाज करू नकोस. हसणेही हळू, रडणेही हळू. बाहेर गल्लीत टेम्पो आणि कापडाचे गठ्ठे. मुलाने धावावे कोठे, आणि रागावले तर पाय आपटावेत कोठे? अशा मुलाला आठवड्यातून एक तास मोकळा श्वास देण्याजोगी जागा आपल्या समाजाच्या हाती एकच आहे. ती म्हणजे देवळाचा सभामंडप. तेथेही आम्ही त्याला रांगेत बसवून गप्प करणार असू, तर मग त्याने जावे तरी कोठे?

भाषेचीही एक अडचण आहे, आणि ती या मासिकाच्या वाचकांना विशेष कळेल. आपल्या मुलास घरी ‘भीती’ किंवा ‘भंय’ वाटते, गल्लीत त्याची ‘बीक’ होते आणि इंग्रजी शाळेत त्यास तिसराच शब्द पाठ करावा लागतो. तीन भाषांत वावरणाऱ्या मुलाला वस्तूंची नावे भराभर येतात; मनाच्या अवस्थांची नावे मात्र कोणीच शिकवीत नाही. रुसणे, खट्टू होणे, चरफडणे, भेदरणे, हेवा वाटणे हे सगळे त्याच्या लेखी एकच होऊन बसते, आणि ते हातापायांवाटे बाहेर पडते. मग आम्ही म्हणतो, मूल हट्टी आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

यावर एक आक्षेप आम्हांस अपेक्षित आहे. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे षड्रिपू. शत्रूला जिंकावयाचे असते, त्याच्याशी खेळावयाचे नसते, असे काही वडीलधारी मंडळी म्हणतील. त्यांना आमचा विनम्र प्रश्न असा की, ज्या शत्रूचे नाव ठाऊक नाही, चाल ठाऊक नाही, त्यास जिंकता येते काय? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधाची निंदा करून भगवंत थांबलेले नाहीत. विषयाच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, त्यातून स्मृतीचा भ्रंश आणि अखेर बुद्धीचा नाश, अशी एकेक पायरी त्यांनी दाखविली आहे. क्रोध कोठून आला हे पाहण्याचीच ती रीत आहे. भरतमुनींनी तर नाट्यशास्त्रात रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा व विस्मय असे आठ स्थायिभाव गणले. यांतला एकही भाव त्यांनी रंगभूमीवरून हद्दपार केला नाही; प्रत्येकाला स्थान दिले, अभिनय दिला आणि त्यातून रस निष्पन्न होतो असे सांगितले. शोक आणि भय यांना ज्या परंपरेने रसाचे आसन दिले, तिच्याच नावाने आम्ही मुलाला “रडू नको” म्हणून गप्प करतो. याला परंपरेचे पालन कसे म्हणावे?

आणि खेळ? आपल्या पूर्वजांनी मनाचे शिक्षण खेळातूनच दिले. खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात. अन्यत्र हादगा, भोंडला होतो. त्या गाण्यांतून सासरच्या जाचाची तक्रार मुली फेर धरून, हसत हसत मांडीत आल्या. शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ. म्हणजे तोंडाला पाणी सुटले असतानाही धीर धरण्याचा सराव. मंगळागौरीच्या रात्री सासू-सुनेचे भांडण खेळातच खेळून घेतले जाई. कोकणच्या शिमग्यात संकासुर पोरांच्या मागे धावतो. मूल किंचाळते, आईच्या पदराआड लपते, आणि दुसऱ्या क्षणी स्वतःच त्याला खिजवू लागते. भय मापून घेण्याची याहून चांगली शाळा कोणती? गोव्यात माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढील मैदानात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकालो होतो. थोर माणसे अंगाला तेल चोपडून चिखलात लोळतात, बालकृष्णाचे खेळ खेळतात, आणि तो उत्सव देवाचाच मानला जातो. देवाच्या दारी खेळ अनुचित असे ज्यांना वाटते, त्यांनी माशेलचे हे मैदान डोळ्यांपुढे आणावे.

सुरतेपुरते बोलावयाचे तर उत्तरायणाचे उदाहरण घ्या. धाब्यावर उभे राहून मूल तासभर जपलेला पतंग क्षणात गमावते. कापला गेलेला पतंग परत येत नाही. दुसरा बांधावा लागतो. हानी सोसून पुन्हा दोरा हाती धरण्याचे हे शिक्षण कोणत्याही व्याख्यानातून मिळणारे नाही.

“ही सारी पाश्चात्य खुळे आहेत,” असा दुसरा आक्षेप येईल. वस्तुस्थिती अशी की, पाश्चात्य पंडितांनी जे पुढे शोधून काढले ते आपल्या अंगणात आधीपासून चालू होते. फ्रॉइड यांनी १९२०च्या आपल्या ग्रंथात दीड वर्षाच्या नातवाचा खेळ नोंदविला. दोरी बांधलेले लाकडी रीळ तो दूर फेकी आणि पुन्हा ओढून घेई. आई दृष्टीआड होते आणि परत येते, हे दुःख तो अशा रीतीने आपल्या हाती घेत होता, असा अर्थ त्यांनी लावला. आपल्या घरोघरी आजी पदराआड तोंड लपवून नातवाला ‘बुवा कूक’ करते, त्याचे मर्म याहून वेगळे नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी १९३३ साली एका व्याख्यानात असे प्रतिपादन केले की, मुलाचा सर्वांत मोठा आत्मसंयम खेळातच दिसतो. कारण खेळाचा नियम पाळण्यासाठी ते आपली तात्काळ इच्छा स्वखुशीने बाजूस सारते. आज हेही ठाऊक आहे की, आवेगास लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशी उलटेपर्यंत वाढत असतो. सहा वर्षांच्या मुलाकडे साठीच्या माणसाचा संयम मागणे म्हणजे कैरीकडे आंब्याचा रस मागणे होय.

आणि इतके दूर तरी कशाला जावे? सुरतेसमोर खंबायतच्या आखातापलीकडे भावनगर आहे. तेथे १९२० साली गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून आल्यावर दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. मुलांना भीती आणि लालूच ही दोन्ही विषे आहेत असे ते मानीत. म्हणून शिक्षेइतकेच बक्षीसही त्यांनी त्याज्य ठरविले. गोष्ट, गाणे, नाट्य, हाताचे काम हेच त्यांचे शिक्षण. राजकोटच्या अध्यापिका-विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून आपल्या ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली ताराबाईंनी हे कार्य बोर्डीस नेले, पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत रुजविले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. ताराबाईंनी मुलांना बालवाडीत बोलावून वाट पाहिली नाही. जेथे मुले होती तेथे त्यांनी अंगणवाडी नेली. सुरतेहून मुंबईस जाणारी गाडी घोलवडवरून, म्हणजे त्याच बोर्डीच्या शेजारून जाते. एका गुजराती पुरुषाने आणि एका मराठी स्त्रीने मिळून उभारलेले हे कार्य या दोन्ही भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्या समाजानेच विसरावे, यासारखी खेदाची गोष्ट नाही. शासनाने २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिक्षणाचे तत्त्व स्वीकारले. आपले सभामंडप मात्र अजून चषकांच्या युगात आहेत.

टीका करून थांबणे आम्हांस मान्य नाही. म्हणून काही खेळ सुचवितो. यांना खर्च जवळजवळ नाही.

टाळ वाजत असेतो मुलांनी नाचावे. टाळ थांबताच जो जेथे असेल तेथे पुतळा व्हावा. अंगातली उसळी थोपविण्याचा सराव याहून सोपा नाही. चिठ्ठीवर एकेका भावाचे नाव लिहावे. ज्याला ‘रुसवा’ आला त्याने न बोलता रुसून दाखवावे, इतरांनी ओळखावे, आणि मग ज्याला वाटेल त्याने आपण केव्हा रुसलो ते सांगावे. शब्द मराठी असो, कोंकणी असो वा अहिराणी; घरचा असावा. सुरतेत कापडाच्या कात्रणांना तोटा नाही. त्यांच्या बाहुल्या कराव्यात. जे मूल स्वतःचे दुःख सांगत नाही, ते बाहुलीचे दुःख सांगते. मूर्तीच्या मातीचा एक गोळा हाती द्यावा. रागावलेल्या मुलाने तो थापटावा, आपटावा, आणि राग ओसरला की त्यातून काहीतरी घडवावे. कागदाची भिंगरी करून लांब, संथ फुंकरीने फिरवावी. श्वास लांबला की धडधड आपोआप उतरते, हे प्राणायामाचे पहिले पाऊल आहे. आणि शेवटी पाच मिनिटे, आवडत असेल त्याने, मनाचा एक श्लोक म्हणावा. त्या वेळी तो श्लोक ओठांवरून मनापर्यंत पोहोचलेला असेल.

मात्र दोन पथ्ये पाळावीत. या खेळांनाही गुण देऊ नयेत. उत्तम रुसणाऱ्यास चषक दिला की सारा प्रयत्न पालथ्या घड्यावरचे पाणी ठरेल. आणि कोणत्याही मुलाला बोलण्याची बळजबरी करू नये. जे बोलते झाले त्याची गोष्ट मंडपाबाहेर चेष्टेचा विषय होऊ नये. एखाद्या मुलाची भीती वा खिन्नता आठवडे उलटूनही हटत नसेल, त्याची झोप आणि भूक गेली असेल, तर खेळावर न विसंबता वैद्याकडेच न्यावे. त्यात कमीपणा नाही.

“मुले लाडावतील” ही शेवटची भीती. राग आला हे ओळखणे निराळे आणि रागाने मारणे निराळे. पहिल्यास मोकळीक, दुसऱ्यास मनाई, हा भेद खेळात मूल दहा मिनिटांत शिकते. छडीने ते दहा वर्षांत शिकत नाही, केवळ लपवावयास शिकते.

याच सुरतेत १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आणि दादोबा पांडुरंग यांनी मानवधर्मसभा स्थापून रूढीला प्रश्न विचारण्याचे धैर्य दाखविले. त्यांच्यासमोरचे प्रश्न मोठे होते. आमची मागणी त्यामानाने फार लहान आहे. मंदिरांच्या विश्वस्तांनी आणि मंडळांच्या कार्यकारिणींनी येत्या उत्सवात बालकांची एक स्पर्धा कमी करावी, तो तास खेळाला द्यावा, आणि पुढे प्रत्येक रविवारी सभामंडप तासभर मुलांच्या स्वाधीन करावा. थोडा गलका होईल. ज्या गाभाऱ्यात बाळकृष्ण पाळण्यात बसतो, तेथील देवाला मुलांचा गलका खचित अप्रिय नसावा.