दगडावर कोरण्याआधी ती नावे कागदावर होती

दर 1 जानेवारीला आम्ही मुठा गावातून भीमा कोरेगावला जातो. 1818 च्या लढाईत शहीद झालेल्या महार सैनिकांची 'नाक' प्रत्ययाची 22 नावे विजयस्तंभावर वाचतो आणि मान झुकवतो. पण ही नावे दगड कोरणाऱ्याला कुठून मिळाली, हे आपण कधी विचारत नाही.

त्या काळी लष्कराचा सारा कारभार हाताने लिहून चाले. रोजचे हुकूम वहीत उतरवले जात. हजेरीपटावर प्रत्येक शिपायाचे नाव असे, कारण पगार त्या नावावर निघे. उलट गावगाड्यात महार म्हणजे फक्त एक काम. त्याने सरकारी टपाल कचेरीपर्यंत पोचवायचे, पण त्यातले अक्षर मात्र वाचायचे नाही!

कंपनी सरकारने हे समतेसाठी केले, अशी भाबडी समजूत आम्ही करून घेत नाही. त्यांना हिशेब हवा होता. पुढे गरज संपली तशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली, तीही कागदावरच.

म्हणून आपल्या माणसांनी कागदालाच कागदाने उत्तर दिले. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये भरतीसाठी अर्ज तयार केला. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. महार रेजिमेंट उभी राहायला 1941 उजाडले. लष्करी शाळेत मुख्याध्यापक असलेल्या सुभेदार रामजींच्या घरात बाबासाहेब घडले. पलटणीने आपल्याला बंदुकीबरोबर अक्षरही दिले आणि अक्षर जास्त काळ टिकले.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या काळ्या सैनिकांनाही पुढे पेन्शन मागताना नोकरीचा पुरावा द्यावा लागला. तिथेही हजेरीपटावरचे नाव कामी आले.

कोरेगावात महार लढलेच नाहीत, असे म्हणणाऱ्यांना घोषणांनी उत्तर देऊन भागणार नाही. मुठा नदी आमच्या खोऱ्यातून ज्या पुण्यात उतरते, तिथेच पेशवे दफ्तर आहे. त्यातले बहुतेक कागद मोडीत आहेत. आपल्यातले मोडी वाचणारे किती? वाचणारे नसतील, तर आपला इतिहास दुसरेच सांगणार.

आजोबांच्या पेटीतले पेन्शनचे कागद रद्दीत घालू नका. गावोगावच्या विहारांत मोडीचे वर्ग सुरू करा. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश इथेही लागू आहे.

जय भीम!