शांत सिंधुदुर्गाचा फसवा आलेख

"पूर्वी सिंधुदुर्गात गुन्हेच नव्हते!" पूर्वी सिंधुदुर्ग जिल्हा तरी कुठे होता? १ मे १९८१ पूर्वी हा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात. सावंतवाडी तर १९४८ पर्यंत संस्थान. १८१२ पर्यंत मालवण कोल्हापूरकरांचे, आणि त्यांचे आरमार इंग्रजी दप्तरात मात्र 'चाचे'. अशा दप्तरांचे तुकडे जोडून ओढलेली शतकभराची रेषा म्हणजे निव्वळ गोधडी.

आजच्या टक्केवारीची गतही तीच. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५. २०११ मध्ये ८,४९,६५१. म्हणजे गुन्हे तेवढेच राहिले तरी लाखामागील दर वाढलेला दिसणार.

समजा, वर्षाला चार खुनांचे सहा झाले. मथळा झळकतो, '५० टक्के वाढ'! पुढील वर्षी सहाचे चार झाले, की घट केवळ ३३ टक्के. आणि तिला मथळा कोण देतो?