चुकीचेही मोजमाप हवे

गेल्या पावसाळ्यात आमच्या आचोळ्यातली, शेजारी राहणारी नववीतली मुलगी दोन कागद घेऊन माझ्याकडे आली. दोन्ही कागद तिच्या मामाच्या थुंकीच्या तपासणीचे होते. पहिल्यावर 'क्षयाचे जंतू आढळले नाहीत' असे लिहिले होते. आठ दिवसांनी केलेल्या दुसऱ्या तपासणीच्या कागदावर 'अल्प, ४' असा शेरा होता. म्हणजे या वेळी सूक्ष्मदर्शकाखाली चार जंतू दिसले होते. "काका, यातला खोटा कागद कोणता?" तिने विचारले. मधले आठ दिवस मामा औषधाविना खोकत होता आणि घरातली सहा माणसे एकाच खोलीत झोपत होती. तेव्हा तिचा प्रश्न काही वहीतला प्रश्न नव्हता.

मी भौतिकशास्त्र शिकवतो, वैद्यक नव्हे. परंतु हा प्रश्न मुळात मोजमापाचा आहे आणि म्हणून तो आपल्या सर्वांचा आहे.

तपासणी कशी होते ते आधी पाहू. थुंकीचा पातळ थर काचपट्टीवर पसरतात, झील-नील्सन पद्धतीने रंगवतात आणि हजारपट मोठे दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. निळसर पार्श्वभूमीवर क्षयाचे जंतू बारीक लाल काड्यांसारखे दिसतात. एका वेळी पट्टीचा अगदी लहानसा गोल भाग दिसतो. त्याला दृष्टिक्षेत्र म्हणतात. 'जंतू आढळले नाहीत' असे लिहिण्यापूर्वी तंत्रज्ञाने अशी निदान १०० दृष्टिक्षेत्रे पाहावीत असा नियम आहे. शंभरांत १ ते ९ जंतू दिसले तर 'अल्प' असे लिहून पुढे संख्या देतात.

आता असे समजा की, एखाद्याच्या थुंकीत जंतू फार विरळ आहेत. दर १०० दृष्टिक्षेत्रांमागे सरासरी ३. पण जंतू काही ठरावीक अंतरावर शिस्तीने बसलेले नसतात. कोठे दोन जवळ असतील, तर कोठे लांबपर्यंत एकही नसेल. शंभर क्षेत्रे अगदी डोळ्यांत तेल घालून पाहिली तरी एकही जंतू न दिसण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते. हा आकडा ज्या सूत्राने येतो ते प्वासाँचे सूत्र तुम्ही वरच्या वर्गात शिकाल. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या पेशी मोजताना पडणाऱ्या अशाच फरकाचा हिशेब १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी घेतलेले टोपणनाव होते 'स्टुडंट', म्हणजे विद्यार्थी!

ही झाली योगायोगाने होणारी चूक. तिच्यात तंत्रज्ञाचा काहीही दोष नाही. मात्र संध्याकाळ झाली, पट्ट्या पुष्कळ उरल्या, डोळे शिणले, म्हणून त्याने १०० ऐवजी ५० च क्षेत्रे पाहिली तर? तर तोच जंतू निसटण्याची शक्यता ५ वरून २२ टक्क्यांवर जाते. ही झाली माणसाची चूक. उलट, दोन निरनिराळे नमुने घेऊन दोन्ही पूर्ण पाहिले, तर दोन्हींत काहीच न दिसण्याची शक्यता ४०० मध्ये एक एवढी खाली येते. चुकीचे माप कळले की ती आटोक्यात कशी आणावी हेही कळते, ते असे.

पण अडचण अशी की, कागदावर दोन्ही चुका सारख्याच दिसतात. योगायोगाने काही दिसले नाही तरी 'आढळले नाहीत', आणि घाईत निसटले तरी 'आढळले नाहीत'. मग माणसाच्या वाट्याची चूक वेगळी काढायची कशी?

या प्रश्नाला दोन जुनी उत्तरे आहेत आणि दोन्ही खगोलशास्त्रातली आहेत. ग्रिनिचच्या वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलाइन हे प्रमुख आणि डेव्हिड किनेब्रुक हा त्यांचा मदतनीस. दुर्बिणीतल्या तारेवरून एखादा तारा नेमका केव्हा सरकतो, याची वेळ घड्याळाचे ठोके ऐकत टिपायची, हे त्यांचे काम. किनेब्रुकची वेळ साहेबांच्या वेळेपेक्षा ०.८ सेकंदाने मागे पडू लागली. मॅस्केलाइन यांनी त्याला बजावून पाहिले आणि अखेर १७९६ मध्ये नोकरीवरून काढून टाकले. साहेबांचे घड्याळ बरोबर, नोकराचे चूक!

पुढे जर्मन खगोलज्ञ बेसेल यांच्या वाचनात ही हकिगत आली. त्यांनी विचारले, चुकणारा एकटा किनेब्रुकच कशावरून? १८२० मध्ये त्यांनी आणि वाल्बेक या दुसऱ्या खगोलज्ञाने त्याच ताऱ्यांचे वेध घेऊन आपल्या वेळा ताडून पाहिल्या. दोघेही निष्णात, तरी फरक निघाला एका सेकंदाहून थोडा अधिक! डोळा आणि कान यांचा मेळ घालायला प्रत्येकाला निराळा वेळ लागतो, हे ध्यानात आले. या फरकाला 'व्यक्तिसमीकरण' असे नाव मिळाले. तो मोजून वेधांतून वजा करण्याची रीत पडली. एकाने माणूस काढून टाकला, दुसऱ्याने चूक मोजली. माझे स्पष्ट मत असे आहे की, रुग्णतपासणीतही आपल्याला बेसेलचीच वाट धरली पाहिजे.

आनंदाची गोष्ट अशी की, आपल्या देशात ही वाट धरली गेली आहे. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात तपासलेल्या काचपट्ट्या फेकून न देता पेटीत जपून ठेवतात. पूर्वी पर्यवेक्षक त्यांतल्या काही पुन्हा पाहत असे, परंतु पहिला निकाल काय लागला हे त्याला ठाऊक असे. आता तुम्हीच सांगा, 'यात काही नाही' असे आधीच कानावर आलेले असताना तुम्ही शंभर क्षेत्रे किती बारकाईने पाहाल? पहिल्याची चूक दुसऱ्याच्या होकाराखाली झाकली जाते. म्हणून २००५ च्या सुमारास नवी पद्धत आली. पट्ट्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा कोणतीही आवडनिवड न ठेवता निवडतात. दुसऱ्या निरीक्षकाला पहिला निकाल कळू देत नाहीत. दोघांचे जमले नाही, तर तिसरा निरीक्षक पंच म्हणून पाहतो. महाराष्ट्रात पुणे आणि नागपूर येथील संदर्भ प्रयोगशाळांकडे या जाळ्यावर देखरेखीचे काम आहे.

या पद्धतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे चुकांची प्रतवारी. पट्टीत भरपूर जंतू असताना 'आढळले नाहीत' लिहिले, तर ती मोठी चूक. 'अल्प' पट्टीतले जंतू निसटले, तर ती लहान चूक. कारण त्यात योगायोगाचाही हात असू शकतो, हे वर आपण पाहिलेच. आणि चूक सापडली की पहिला प्रश्न 'कोणी केली?' हा नसून 'कशामुळे झाली?' हा असावा अशी अपेक्षा असते. रंग जुना होता काय? भिंग खराब झाले होते काय? एका तंत्रज्ञाने दिवसाला २० ते २५ पट्ट्यांहून अधिक पाहू नयेत असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. येथे त्याच्यावर त्याहून जास्त भार होता काय?

कोणी म्हणेल, आता जंतूंचा जनुकीय पदार्थ ओळखणारी यंत्रे आली आहेत, मग माणसाच्या चुकीची एवढी चर्चा कशाला? यंत्रे आली हे खरे, आणि विरळ जंतू हुडकण्यात ती सूक्ष्मदर्शकाहून सरसही आहेत. पण डबीवर नावाची पट्टी माणूसच चिकटवतो, नमुना माणूसच भरतो आणि थुंकीऐवजी नुसती लाळ आली तर ती ओळखायचीही माणसानेच. यंत्राने चुकीची जागा बदलते. चूक नाहीशी होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चुकांचे आकडे उघड केले तर लोकांचा तपासणीवरचा विश्वास उडेल, असे काहींना वाटते. मला याच्या उलट वाटते. जी प्रयोगशाळा आपली चूक किती हे सांगू शकते, तिच्यावरच मी विश्वास ठेवीन. 'आमची चूक होतच नाही' असे म्हणणाऱ्याने ती मोजलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ.

आता शिक्षकबंधूंना आणि भगिनींना दोन शब्द. आपल्या शाळा-महाविद्यालयांतल्या प्रयोगवह्या काढून पाहा. लंबकाच्या २० आंदोलनांचा वेळ तीनदा मोजलेला असतो आणि तिन्ही वेळा नेमका ४०.० सेकंद! हे कौशल्य नव्हे. वेगळे वाचन आले तर गुण कापले जातील ही भीती आहे. पहिले वाचन पाहून दुसरे लिहिणारा हाच विद्यार्थी उद्या तंत्रज्ञ होईल, डॉक्टर होईल. माझी सूचना अशी की, वाचनांत फरक पडला म्हणून गुण कापू नका. फरक लपवला तर अवश्य कापा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक प्रयोग. वर्गात ४० मुले असतील तर ४० चमचे तांदूळ घ्या. त्यांत अख्ख्या काळ्या उडदाचे मोजून १२० दाणे टाका आणि नीट कालवा. प्रत्येकाने डोळे मिटून एक चमचा घ्यावा, उडीद मोजावे आणि शेजाऱ्याला न दाखवता आकडा चिठ्ठीवर लिहावा. सरासरी ३ येणार हे उघड आहे. पण सुमारे दोघांच्या चमच्यात एकही उडीद नसेल! मग सारे पुन्हा कालवून अर्धा अर्धा चमचा घ्या. आता असे रिकामे चमचे सुमारे नऊ निघतील. आकडे थोडे इकडेतिकडे होतील. तेही जसेच्या तसे लिहून ठेवा.

त्या मुलीला मी हाच प्रयोग करायला लावला. तिच्या चमच्यात पहिल्या खेपेला काहीच आले नाही. डब्यात उडीद आहेत हे तर तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. ती थोडा वेळ चमच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे दोन्ही कागद खरे असू शकतात." मी म्हटले, असू शकतात, किंवा पहिला घाईत लिहिलेला असू शकतो. नुसते कागद पाहून ते सांगता येणार नाही. ती पट्टी दुसऱ्या कोणीतरी, पहिला निकाल न पाहता, पुन्हा पाहायला हवी.

मामाचे औषध सुरू झाले आहे. तुमच्या घरी कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर तपासणी करून घ्या. 'आढळले नाहीत' असा कागद आला आणि खोकला मात्र थांबला नाही, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे.